डोंगलले हळद-कुंकू

तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर घ्यायला गेलं की दुकानदार पैसे मोजता मोजता एकच विचारतो, "सगळं टाकून देऊ नं?" सगळं म्हणजे विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, मराठी टायपिंगचा फॉन्ट, वरून पेन ड्राइव्हमध्ये दोनचार साउथचे पिक्चर. दोनतीनशे रुपये घेतो, ओळखीचा असला तर तेही नाही. लायसन्स हा शब्द त्या दुकानात मी तरी कधी ऐकला नाही. आता अशा ठिकाणी कोणाला जाऊन सांगा की बाबा फ्री सॉफ्टवेअर नावाची एक चळवळ आहे, चाळीस वर्षं झाली चालू आहे, तर तो काय म्हणेल? मला एकजण म्हणाला होता, "अजून किती फ्री पायजे बे तुले?"

त्याचं काही चुकलं नाही. घोळ त्या इंग्रजी शब्दातच आहे, फ्री म्हणजे फुकटही आणि मोकळंही. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मोकळं वेगळं. रेशनचा तांदूळ फुकट मिळतो म्हणून रेशनचं दुकान आपलं होत नाही, आणि गावचा तलाव सगळ्यांना मोकळा आहे म्हणून त्याला पैसा-मेहनत लागत नाही असंही नाही. मला एवढंच भांडायचं आहे की सॉफ्टवेअरच्या बाबतीत आपण फुकटावर खूश राहिलो आणि हक्काचं विसरून गेलो, आणि त्याचा भुर्दंड शहरातल्या इंजिनिअरपेक्षा खेड्यातल्या सोसायट्या, ग्रामपंचायती, बचत गट यांच्यावर जास्त बसतो.

आमच्याच गावची गोष्ट सांगतो. आमची सेवा सहकारी सोसायटी, पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातली, तीनशेच्या आसपास सभासद, पीक कर्ज, खत, आणि हंगामात धान खरेदी. मी तिथे गटसचिव साहेबांच्या हाताखाली टायपिंगची कामं करायचो, अजूनही करतो, मानधन विचारू नका. तर तिथे हिशोबाचं एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणचा एक माणूस आला, सीडी टाकली आणि सीपीयूच्या मागे अंगठ्याएवढा एक काळा तुकडा खोचला. डोंगल. तो लागलेला असला तर सॉफ्टवेअर उघडतं, काढला की नाही. जाताना त्यानं बजावलं, "याले सांभाळा, हा गेला त सगळं गेलं." लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की दसऱ्याला किर्द, वजनकाटा, कॉम्प्युटर यांची पूजा व्हायची तेव्हा आमचे शिपाई मामाजी टेबलाखाली वाकून, जाळं-जळमटं बाजूला करून, मागे हात घालून त्या डोंगलला वेगळं हळद-कुंकू लावायचे. मी हसायचो. हसायला नको होतं.

एका मृगात वीज पडली, ऑफिसवर नाही, मागच्या खांबावर, पण डोंगल गेला. कॉम्प्युटर चालू, पंखा चालू, फक्त तो अंगठा मेला. स्क्रीनवर एक चौकोन यायचा की लायसन्स सापडत नाही, ओके दाबा, ओके दाबलं की सगळं बंद. त्या माणसाला फोन लावला तर नंबर बंद, दुकानावर गेलो तर तिथे मोबाइलचे कव्हर विकणं चालू होतं, शेजारचा म्हणे तो आता प्लॉटिंगच्या धंद्यात आहे. ऑडिट तोंडावर. नऊ वर्षांचं कर्ज, व्याज, वसुली, शेअर्स, सगळं त्या डब्यात. डबा आमचा, लाइट बिल आमचं, आकडे टाकून टाकून बोटं दुखली ती माझी, हिशोब गावच्या लोकांचा, आणि कुलूप मात्र अशा माणसाचं जो आता प्लॉट विकतो. तेव्हा मला पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला की आपण हे सॉफ्टवेअर विकत घेतलंच नव्हतं, आपण ते कोणाच्या तरी मर्जीवर वापरत होतो.

पुढं कधीतरी कळलं की अशाच एका संतापातून ही सगळी चळवळ निघालेली आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा, तर यानं त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये खटपट करून ठेवली होती की अडकला की ज्यांचं प्रिंट थांबलंय त्यांना लगेच निरोप जावा. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, कागद त्याच्यातही अडकायचा, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं माणसाला वाचता येईल असं मूळ लिखाण, कंपनीनं दिलंच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे तो आहे असं कळलं म्हणून हा मागायला गेला, तर तो म्हणाला मी कंपनीला लिहून दिलंय, कोणाला देता येत नाही. स्टॉलमनला प्रिंटरपेक्षा राग आला तो याचा, की एका माणसानं सही करून शेजारधर्मच सोडून दिला. २७ सप्टेंबर १९८३ ला त्यानं जाहीर केलं की मी कॉम्प्युटर चालवणारी, विंडोजच्या जागी बसेल अशी एक अख्खी सिस्टम लिहिणार, नाव ग्नू, आणि ती सगळ्यांना मोकळी राहील. पुढच्या वर्षी नोकरी सोडली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं.

त्यानं हक्क सांगितले चार. मोजायला शून्यापासून सुरुवात केली, शेवटी प्रोग्रामरच तो. कशासाठीही वापरता यावं, उघडून पाहता आणि आपल्यापुरतं बदलता यावं, दुसऱ्याला देता यावं, आणि बदललेलं सुद्धा देता यावं. बास. यात पैशाचा शब्द नाही, विकायलाही बंदी नाही, खुशाल विका. आमच्या इकडे हे समजवायला बियाणं पुरतं. धानाचं घरचं बियाणं ठेवायचं, पुढच्या वर्षी पऱ्हे (रोपं) त्याचेच टाकायचे, शेजाऱ्याचं चांगलं दिसलं तर पायली-दोन पायली बदलून घ्यायचं, हे आमच्या बापजाद्यांपासून आहे, आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात कलम ३९ मध्ये हा हक्क लिहूनही दिलेला आहे की शेतकरी बी ठेवू शकतो, पेरू शकतो, देऊ शकतो, विकूही शकतो, फक्त ब्रँड लावून नाही. आणि पलीकडे यवतमाळ-अकोल्याच्या कापूसपट्ट्यात जा, हायब्रीड सरकी दुसऱ्या वर्षी लावली तर तसं पीक येत नाही, दर मृगाला पाकीट विकत. दोन्ही शेतकरीच, एकाच विदर्भातले. पण एकाच्या कणगीत पुढच्या वर्षाचं बी आहे आणि दुसऱ्याच्या हातात दुकानाची पावती. सॉफ्टवेअरमध्ये आपण सगळे कापूसपट्ट्यातले आहोत असं समजा. (बीटी बियाणं चांगलं की वाईट हा वाद मी इथे काढत नाही, तो काढला की लेख राहतो बाजूला आणि कमेंटमध्ये भांडणं सुरू होतात.)

आता यावर लगेच येणारा प्रश्न, आणि तो रास्त आहे, की अरे बाबा कोड वाचणार कोण? गावात चार लोक असे नाहीत ज्यांना कोड म्हणजे काय ते माहीत आहे, त्यांना उघडून पाहण्याचा हक्क देऊन काय उपयोग, बोडक्याला कंगवा कशाला? मलाही हे बरेच दिवस पटत होतं. पण मोटारपंपाचा विचार करा. माझ्या विहिरीवरची मोटर जळली तर मला वाइंडिंग येत नाही, येणारही नाही. मी ती बाहेर काढतो, गाडीवर टाकतो आणि तालुक्याला नेतो, तिथे एका ओळीत तीन वाइंडिंगवाले आहेत, एकाचा भाव पटला नाही तर दुसऱ्याकडे, दुसऱ्यानं आठ दिवस सांगितले तर तिसऱ्याकडे. मोटर उघडता येते म्हणून तिघांचं दुकान चालतं आणि तिघं आहेत म्हणून माझी लूट होत नाही. माझा हक्क वाइंडिंग करण्याचा नाही, मिस्त्री निवडण्याचा आहे. आमच्या सोसायटीच्या सॉफ्टवेअरचा कोड मोकळा असता तर ब्रह्मपुरीचा, नागपूरचा कोणीही पोरगा दोन दिवस बसून डोंगलची अट काढून टाकू शकला असता, त्याला आम्ही पाच हजार आनंदानं दिले असते. इथे पैसा होता, मिस्त्री होता, फक्त मोटर वेल्डिंग करून बंद केलेली होती.

आणि हे फक्त कॉम्प्युटरपुरतं राहिलेलं नाही. अमेरिकेतला शेतकरी आपल्यापेक्षा केवढा मोठा, पण तिकडच्या जॉन डिअर ट्रॅक्टरमध्ये सॉफ्टवेअर बसलं आणि बिघाड काढायला डीलरचाच लॅपटॉप लागायला लागला. २०१५ मध्ये कंपनीनं तिकडच्या कॉपीराइट ऑफिसला लिहून दिलं होतं की सॉफ्टवेअरच्या बाबतीत गिऱ्हाइकाकडे गाडी असेपर्यंत ती चालवायचं लायसन्स आहे, असं समजावं. म्हणजे लोखंड तुमचं, डोकं आमचं. त्यावर शेतकरी वर्षानुवर्षं भांडले, कोलोरॅडो राज्यात २०२३ मध्ये शेतीची यंत्रं दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा झाला, जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं कंपनीवर दावा टाकला. आपल्याकडे अजून नागपुरातल्या कळमन्याच्या मार्केटजवळचा मिस्त्री पान्ह्यानं ट्रॅक्टर खोलतो. किती दिवस?

पायरेटेड कॉपीनं हा प्रश्न सुटत नाही, हे इथे सांगून टाकतो, कारण आमच्याकडे सगळ्यांना वाटतं की आपण कंपनीला बरोबर चुना लावला. चुना कोणाला लागला? दुकानदारानं टाकून दिलेलं विंडोज उघडून पाहता येत नाही, त्यात काय घुसवलंय ते माहीत नाही, बदलता येत नाही, आणि पोरं दहा वर्षं त्यावरच शिकतात म्हणजे उद्या नोकरीत ऑफिसला तेच मागतात. चोरलेल्या बैलाची वेसण मालकाच्याच हातात राहिलेली. स्टॉलमनची चळवळ चोरी करा म्हणत नाही, उलट ती म्हणते चोरी करायची वेळच येऊ नये असं वेगळं बनवा.

आणि बनवलेलं राखायचं कसं, इथे त्याचं खरं डोकं दिसतं. नुसतं "घ्या रे सगळे" म्हणून सोडून दिलं असतं तर कोणी कंपनीवाला उचलतो, चार गोष्टी जोडतो, कुलूप लावून विकतो. म्हणून त्यानं काट्यानं काटा काढला. कॉपीराइटचा कायदा म्हणतो मालकाच्या परवानगीशिवाय वाटू नका, तर यानं मालक म्हणून परवानगी दिली आणि एक अट टाकली, की तुम्ही बदलून पुढे वाटाल तर घेणाऱ्यालाही हेच हक्क द्यायचे, कोडसकट. हे जीपीएल लायसन्स, १९८९ चं. मला हे वाचताना गडचिरोलीचं मेंढा लेखा आठवलं. धानोरा तालुक्यातलं छोटंसं गोंड गाव, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०१३ मध्ये त्यांनी १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या जमिनी ग्रामसभेच्या नावावर केल्या. कसायचा हक्क घरच्यांचा, पोराबाळांना वारशानं देता येते, पण गावाबाहेरच्याला विकता येत नाही. मालकीचा कायदा वापरूनच मालकीला दार बंद! ग्रामदान काढणाऱ्या विनोबांच्या पवनारपासून स्टॉलमनच्या बोस्टनपर्यंत कोणी चिठ्ठी नेली नसेल, पण युक्ती एकच आहे. आणि मेंढ्यात जंगल मोकळं आहे म्हणजे कोणीही यावं आणि बांबू तोडावा असं नाही, किती, कधी, कुठला, हे ग्रामसभा सगळ्यांची सहमती करून ठरवते. मोकळं म्हणजे बेवारस नाही.

हे हक्काचं बोलणंच पुढं चळवळीतल्याच काही लोकांना जड वाटायला लागलं. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या पोरानं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टमचा गाभा, लिहायला घेतलं, १९९२ मध्ये जीपीएलखाली आणलं, ते तुफान चाललं. मग १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरचा कोड खुला करायचं ठरवलं तेव्हा काही मंडळी बसली आणि म्हणाली की हे हक्क, स्वातंत्र्य वगैरे बोललं की धंदेवाले बिचकतात, आपण "ओपन सोर्स" म्हणू, सांगू की या पद्धतीनं सॉफ्टवेअर चांगलं बनतं, चुका लवकर सापडतात. खोटं नव्हतं ते. आणि चाललंही, इतकं चाललं की २०१७ पासून जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत, आणि बांधीवर रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करता करता बाया ज्या मोबाइलवर गाणी लावतात त्या अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच. पण गंमत पाहा, त्या मोबाइलमधलं कंपनीनं आधीच टाकलेलं एखादं ॲप काढतो म्हटलं तर निघत नाही. बी मोकळं होतं, भाकर मात्र कुलपातली. ओपन सोर्सवाले यालाच जिंकलो म्हणतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, माझा मोबाइल त्यांच्यामुळेच आठ हजारात आला, पण हक्काचा शब्द गाळला की हक्कही कधी गळून पडतो ते कळत नाही, एवढं खरं.

स्टॉलमनचं सगळं पटतं असंही नाही बरं का. माणूस वादग्रस्त आहे, २०१९ मध्ये काही वक्तव्यांवरून त्याला एमआयटी आणि फाउंडेशन दोन्हीकडून पायउतार व्हावं लागलं, २०२१ मध्ये फाउंडेशनच्या बोर्डावर परत आला तेव्हा पुन्हा गदारोळ झाला. ते सोडा, पण त्याचं सोवळं फार कडक आहे. कुलूपबंद काहीच वापरायचं नाही म्हणतो, मोबाइलही नाही. आमच्या सोसायटीची मीटिंग व्हॉट्सॲपवर ठरते, बँकेचं काम ज्या मशीनवर होतं ती मी निवडलेली नाही, सोवळं पाळायचं तर घरीच बसावं लागेल. आमच्यासाठी प्रश्न पवित्र कोण हा नाहीच, कोणतं कुलूप आधी काढून घ्यायचं हा आहे.

दुसरं म्हणजे, या चळवळीनं हक्काचं खूप लिहिलं आणि गाळाचं कमी लिहिलं. गाळ म्हणजे खराच गाळ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सहा हजारांहून जास्त आहेत, गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधत आणलेले. पाळ कशी धरायची, तुडूम (पाणी सोडायची मोरी) कधी उघडायचं, नहराची सफाई कोणी करायची, हे सगळं गाव पाहायचं. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, मोडली १९५१ मध्ये, चांगलंच झालं, पण तलाव सरकारजमा झाले आणि मग ते ना मालगुजाराचे राहिले ना गावाचे. आमच्या तलावात आज अर्धी बेशरमाची झुडपं आणि अर्धा गाळ आहे. पाणी सगळ्यांना मोकळं आहे अजूनही, कोणी अडवत नाही, फक्त पाणीच कमी आहे.

सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच झालंय. एक्सझेड नावाचं, फाइल दाबून लहान करायचं एक छोटंसं मोकळं सॉफ्टवेअर आहे, जगभरच्या सर्व्हरवर बसलेलं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, लासे कोलिन, बिनपगारी. २०२२ मध्ये त्यानं लिहिलंही होतं की माझी मनःस्थिती बरी नाही, आणि हे हौसेचं, बिनपैशाचं काम आहे हे ध्यानात ठेवा. लोक वरून त्याच्याच मागे लागलेले, अपडेट कधी देता. मग जिया तान अशा नावाचा एकजण मदतीला आला, दोन वर्षं गुपचूप गाळ काढत राहिला, विश्वास कमावला, चाव्या मिळवल्या आणि २०२४ मध्ये आत चोरदरवाजा बसवला. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो हात धुऊन मागे लागला. अर्धा सेकंद! आमच्या इकडे अर्धा दिवस "सर्व्हर डाऊन" असतो तरी कोणी विचारत नाही. कोड मोकळा होता म्हणून चोरी सापडली हे खरं, पण एकट्या माणसावर अख्ख्या तलावाची पाळ सोडून दिली म्हणून चोर आत शिरला हेही तितकंच खरं.

आणि ही बिनपैशाची गोष्ट निघाली की आमच्या तालुक्यात दादाजी खोब्रागडेंचं नाव निघतंच. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी, शाळा तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या, पेरल्या, परत निवडल्या, परत पेरल्या. बारीक, चवीचा तांदूळ, नाव पडलं एचएमटी, तेव्हा गाजत असलेल्या घड्याळावरून. मागेल त्याला बी दिलं. १९९४ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं (पीकेव्ही) त्यांच्याकडून बी नेलं, १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी म्हणून वाण काढला, विद्यापीठाचं म्हणणं की आम्ही शुद्ध केला, सुधारला. देशभर पसरला तांदूळ. दादाजींना २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला, पण ३ जून २०१८ ला ते गेले तेव्हा गरिबीतच गेले. लोक मला म्हणतात, पाहा, मोकळं वाटलं की असं होतं. आणि ओपन सोर्सवाले मित्र म्हणतात, जीपीएल असतं तर असं झालं नसतं. दोघंही चूक. जीपीएलसारखी अट असती तर पुढच्या वाणावर त्यांचं नाव राहिलं असतं, बी कोणाला कुलपात घालता आलं नसतं, पण दादाजींच्या घरात दवाखान्याचा पैसा त्यानं आला नसता. लायसन्स हक्क राखतं, चूल पेटवत नाही. ते काम वेगळं आहे आणि ते समाजानं, म्हणजे आपल्या पैशातून सरकारनं करायचं असतं.

म्हणून मला वाटतं की खरा राजकीय प्रश्न तुमच्या माझ्या लॅपटॉपवर काय आहे हा नाहीच, आपल्या पैशानं काय घेतलं जातं हा आहे. केंद्र सरकारचं २०१५ चं धोरण आहे की सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं, आणि नाही घेतलं तर कारण लिहायचं. केरळच्या सरकारी शाळांत दीड दशकाहून जास्त काळ पोरं लिनक्सवर शिकताहेत, आणि ती पोरं काही मागे पडली असं कोणी म्हणत नाही. आरोग्य सेतू ॲप एप्रिल २०२० मध्ये आलं, लोकांनी ओरड केली, मे महिन्यात त्याचा अँड्रॉइडचा कोड खुला झाला, म्हणजे ओरडलं तर होतं. आणि आता आमच्यासारख्या सोसायट्यांचंच पाहा, २०२२ मध्ये केंद्रानं ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचं संगणकीकरण मंजूर केलं, २,५१६ कोटींचं काम. चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे होतं, डोंगलपेक्षा कितीतरी बरं. पण आमसभेत खताच्या बोऱ्यांवरून दोन दोन तास भांडणारे आपण, कधी हात वर करून विचारलं का की या सॉफ्टवेअरमधून आमचा हिशोब कोणत्याही दिवशी, कोणालाही न विचारता, पूर्ण बाहेर काढता येतो का? व्याज कोणत्या सूत्रानं लावतं ते आम्हाला पाहता येतं का? ठेकेदार बदलला तर दुसऱ्या मिस्त्रीला मोटर खोलता येते का? आणि कोड मोकळा ठेवणार असाल तर त्याचा गाळ काढणाऱ्याला दरवर्षी पगार आहे का? माझं म्हणणं की हे प्रश्न टेंडर निघायच्या आधी विचारायचे असतात, कारण एकदा डोंगल खोचला की मग फक्त दसऱ्याची वाट पाहायची.

सोसायटीच्या हिशोबाचं काय झालं ते राहिलंच. ब्रह्मपुरीकडचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा सुट्टीत आला होता, त्यानं सॉफ्टवेअर सोडून दिलं आणि फोल्डरच उघडला. आत सगळ्या फाइली डीबीएफ निघाल्या, जुना प्रकार, पण त्याची रचना जगाला माहीत आहे. लिब्रे ऑफिस या मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि खटाखट रकाने उघडले. कर्ज, व्याज, तारखा, शेअर्स, पैशाला पैसा बरोबर. गटसचिव साहेबांनी खुर्ची सरकवून हात जोडले. फक्त नावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांची खिचडी होती, कारण नावं त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आणि तो फॉन्ट डोंगलसोबत गेलेला. पोरानं नेटवरून एक फॉन्ट बदलायचं मोकळं सॉफ्टवेअर आणून लावलं, अर्धी नावं आली, जोडाक्षरवाली अडली. म्हणजे मेश्राम, खोब्रागडे, श्रीरामे, सगळे अडले, आणि आमच्या गावात अर्धे तेच.

मग शेवटी सभासदांनाच बोलावलं. शनिवारी, ऑफिसच्या पडवीत सतरंजी टाकून. मी आकडा वाचायचो, "शेअर्स अकराशे चाळीस, कर्ज २०१४ चं पंचवीस हजार, कोण?" आणि लोक आपापलं पासबुक डोळ्याजवळ नेऊन पाहायचे. एका आजींनी पासबुक आणलंच नव्हतं, नुसत्या ऐकत बसल्या होत्या, एका आकड्याला म्हणाल्या, "हे आमच्या ह्यायचं हाय, बैल घेतला होता त्या साली." बरोबर निघालं. दोन शनिवार लागले. एक ओळ अजून लागलेली नाही, शेअर्स चारशे पंधरा रुपये, कर्ज निरंक, नावाच्या जागी सात अक्षरांची खिचडी, ती मी तशीच ठेवली आहे, ऑडिटर दरवर्षी बोट ठेवून विचारतो.